बहिऱ्याने ऐकलेली गोष्ट

“विश्राम! अरे विश्राम्या! वर ये मेल्या, वर ये!”

रामा तांडेल पडावाच्या, आपल्या थोराड होडीच्या, काठावर गुडघे टेकून बोंबलत होता. पाण्यात तोंड घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं त्याने. त्याच्या मागे पडावावरची झाडून सगळी माणसं बोंबलत होती. नारळी पौर्णिमेचा दिवस, त्यामुळे किनाऱ्यावर मांडवीचा अख्खा बाजार जमलेला – तोही बोंबलत होता. खाडीचं पाणी तांबडं, काताच्या पाण्यासारखं दाट. हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. आणि ज्याच्या नावाने ही सगळी बोंब चालली होती तो विश्राम जन्माचा ठार बहिरा होता.

त्या पडावावर तोंड मिटून उभा असलेला माणूस एकच. मी.

मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की या सगळ्या हकिकतीत अमानवीय म्हणावी अशी गोष्ट हीच! मांडवीवर माझं दोर, डांबर नि खिळ्यांचं दुकान आहे. तिथे बसून मी कोणाला हाक मारली तर रत्नदुर्गावरची घार उडते नि भाट्याच्या पलीकडे गाय दूध चोरते. लग्नात, मयतात, कोर्टात – माझं तोंड कधी बंद पडलेलं नाही.

आणि भुताखेतांचं म्हणाल तर मी ती मानत नाही. मानणार कसा? आमच्या बाजूची निम्मी भुतं मीच जन्माला घातलेली आहेत. पिंपळाखालची पांढऱ्या लुगड्यातली बाई माझी. दीपस्तंभाखालचा बिनमुंडक्याचा गोरा साहेबही माझाच – एका गिऱ्हाइकाचा दोराचा भाव ठरेना, तेव्हा त्याला बसवून ठेवायला मी तो साहेब तयार केला. पुढे त्या गिऱ्हाइकालाच तो दोनदा दिसला! आपणच शिजवलेल्या आमटीत जाळ किती घातला ते आपल्याला ठाऊक असतं, तिची भीती कसली?... म्हणून तुम्हांला सांगतो, आता जे लिहितो आहे ते मी शिजवलेलं नाही. शिजवलं असतं तर मी त्यात बरा दिसलो असतो.

विश्राम हा माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, भागीचा, पाठचा भाऊ. आई-बाप गेल्यावर आमच्याकडेच राहिलेला. उंचापुरा, दंडाने खणखणीत, पण चालायचा पाय फाकून, नजर जमिनीला खिळवून, ओल्या बांधावरून चालल्यासारखा. दिवसा ठीक. पण दिवेलागण झाली की अंगणातून विहिरीपर्यंत जायलाही त्याला भिंत लागे. डोळे मिटून तोंडावर पाणी मारायला गेला की धपकन बसायचा. लोक म्हणत माडी पितो. माडीचा थेंबही न घेता उभा जन्म त्याने ते बोलणं खाल्लं – बहिरा होता म्हणून ऐकावं तरी लागलं नाही.

त्याला एक सवय होती. बोलणाऱ्याच्या गळ्यावर तळवा ठेवायचा. ती भागीनेच लावलेली. लहानपणी ती दळायला बसली की त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून ओव्या म्हणायची, नि तो डोळे मिटून हाताने ऐकायचा. पुढे मी जावई होऊन त्या घरात गेलो, आणि विश्रामला जणू खजिना सापडला. एवढा मोठा नि कधीच न थांबणारा गळा त्याने पाहिलाच नव्हता! मी दुकानात गोष्ट रंगवायला लागलो की हा गर्दीतून वाट काढत येई, माझ्या गळ्यावर हात ठेवी, आणि त्याचा दुसरा हात हवेत लाटेसारखा वर-खाली, वर-खाली व्हायला लागे. ती त्याची ‘गोष्टी’ची खूण. कोणी नुसती हाक मारली, असं सांगायचं झालं तर तो तोंडापासून बोटं एकदाच पुढे फेकी. हाक ती हाक, गोष्ट ती गोष्ट – त्यात त्याची गल्लत कधी होत नसे. हे ध्यानात ठेवा.

त्या वर्षी भागीने हट्ट धरला, “त्याला एकदा मुंबईच्या कानाच्या डॉक्टरला दाखवा.” मोसमातल्या शेवटच्या स्टीमरांपैकी एकीने आम्ही निघालो. जयगड मागे पडलं मात्र, दर्याने आमची स्टीमर सुपात घालून पाखडायला घेतली. डेकवर माणसं नव्हतीच, नुसत्या उलट्या होत्या! एक लांज्याचे भटजी होते, ते गायत्री म्हणत होते नि मधेमधे आईला हाक मारत होते. स्वतः सारंग, खलाशांचा मुख्य – शपथेवर सांगतो, शपथ कसली ते विचारू नका – स्वतः सारंग तोंड लपवून कठड्याला गेला. मी माझं वर्णन करत नाही. आणि या सगळ्यात विश्राम मांडी घालून भाकरी नि तळलेला बांगडा खात बसला होता. आपला संपला तेव्हा माझा खाल्लान. मग भटजींचे पोहे. वर ढेकर देऊन माझ्याकडे बघून हसला, जशी काय ती स्टीमर नसून आमच्या पडवीतला झोपाळा.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. दोन दातांचा लोखंडी काटा वाजवून कपाळाला टेकवला तेव्हा विश्रामला गंमत वाटली; कानाजवळ धरला तेव्हा काहीच नाही. मग फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. मला नुसतं बघून भोवळ आली. खुर्ची थांबल्यावर हा उठून मजेत उभा! शेवटी कानात गार पाण्याची धार सोडली. डॉक्टर म्हणाले, “चांगल्या माणसाचे डोळे या पाण्याने थरथरतात, खोली फिरायला लागते.” विश्रामने कान पुसला नि ‘आणखी काय?’ अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं.

मग डॉक्टरांनी मला समजावलं. कवटीच्या हाडात, कानाच्या आतल्या अंगाला, एक इवलासा शंख कोरलेला असतो, नि त्याला लागून तीन कड्या. शंखाने ऐकायचं, कड्यांनी तोल राखायचा. “ह्याचं ते कोरीवकाम आईच्या पोटातच अर्धवट राहिलेलं दिसतं,” ते म्हणाले. “हाड उघडून बघता येत नाही, पण लक्षणं सगळी तीच आहेत. औषध नाही.”

“म्हणजे बोट लागत नाही ती...”

“त्यामुळेच. ज्यांच्यामुळे तुम्हांला बोट लागते त्या कड्याच ह्याला नाहीत. हा तोल राखतो डोळ्यांनी नि पायाखालच्या जमिनीने. म्हणून सांगतो ते नीट ऐका. अंधारात एकटा सोडू नका. आणि गढूळ पाण्यात डोकं बुडवू देऊ नका. आपल्याला डोळे मिटूनही वर कुठे, खाली कुठे ते कळतं. ह्याला कळणार नाही. वर यायला म्हणून निघेल नि तळाला जाईल.”

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. माझ्या हाडात काही कमी नाही.

परत आलो तेव्हा दुकानात हीऽ गर्दी! आता माझ्यासारख्या माणसाच्या हाती असा माल आल्यावर त्याने करायचं काय? मी सारंगाची उलटी सांगितली. भटजी एकाचे तीन केले. डॉक्टर म्हणाले, “असा माणूस साऱ्या हिंदुस्थानात दुसरा नाही,” असंही सांगितलं. (म्हणाले नव्हते.) म्हटलं, “ह्याला दर्या लागत नाही, कारण हा दर्याचा जावई आहे! जावयाला सासरी कधी त्रास होतो काय?”

रामा तांडेलाचे डोळे विस्फारले. “म्हंजे ज्या पडावावर ह्यो, त्या पडावाला दर्या हात लावायचा नाय?”

“सासरा जावयाचा पडाव बुडवेल काय रे?”

दुसऱ्या दिवशी रामा घरी येऊन विश्रामला आपल्या पडावावर कामाला मागून घेऊन गेला. स्टीमर बाहेर दर्यात थांबते, तिथवर उतारू नेण्याचं काम. ज्याला लोक बेवडा म्हणत होते त्याला आता पडावावर चढताना म्हातारे खलाशी हात लावून नमस्कार करायला लागले. विश्रामची मान वर आली. माणूस मान वर करून किती उंच दिसतो ते भागीने तेव्हा प्रथम पाहिलं असेल.

आणि गढूळ पाण्याचं? सांगितलं की! मी लपवलं नाही. त्याच बैठकीत, सगळ्यांत शेवटी सांगितलं. पण कसं? “बाकी काय हो, गढूळ पाण्यात ह्याला वरचं खाली नि खालचं वर! बुडी मारली तर थेट पाताळात जाईल, शेषाला रामराम करेल नि विचारेल, ‘मांडवी हीच ना?’” लोक हसून हसून दोरांच्या गुंडाळ्यांवर लोळले. त्या दिवशी सगळ्यांत मोठं हसू याच वाक्याला मिळालं... खरं बोललो होतो, पण अशा पोशाखात की त्याला कोणी ओळखू नये.

भागी हसली नव्हती. आतल्या दारातून तिने विचारलं, “यातलं खरं किती?” हा तिचा नेहमीचा प्रश्न.

“बरंचसं,” मी म्हटलं.

“मग त्याला पाण्यात जाऊ देऊ नका.”

“मी आहे ना!” मी म्हटलं.

तर ती नारळी पौर्णिमा. पावसाळाभर नाव किनाऱ्यावर झापांनी शाकारलेली असते, ती आदल्या दिवशी पाण्यात लोटतात, खाडीच्या तोंडाशी नांगरून ठेवतात, नि पौर्णिमेला पूजा करून, नारळ देऊन मोसम सुरू करतात. दोर माझ्या दुकानचा, म्हणून मानाने मीही पडावावर. पूजा झाली. नांगर ओढायला घेतला तर येईना. खाली कुठे कातळात फाळ अडकला होता. एरवी असता तर दोर कापून मोकळे झाले असते. पण मोसमाच्या पहिल्याच दिवशी नांगर पाण्यात सोडायचा म्हणजे अख्ख्या वर्षाचं नशीब सोडायचं, असं आमच्याकडे मानतात. रामाने कोयता मागणाऱ्याच्याच अंगावर धाव घेतली. “कापायचा नाय! कोणीतरी खाली जावा.”

धोंडू म्हणून एक तरणा गडी होता, तो दोर धरून उतरला नि लगेच धापा टाकत वर आला. “काय दिसत नाय वो! नुसता चिखोल!”

मग सगळ्यांच्या माना वळल्या – विश्रामकडे. त्यांना काय हवं आहे ते त्याला ओठांवरून नाही, त्या नजरांवरून कळलं. त्याने छातीवर हात मारला नि सदरा काढला.

मी पुढे झालो. हे लिहून ठेवा, मी पुढे झालो. “अरे थांबा, गढूळ पाण्यात नको त्याला! डॉक्टर म्हणालेत...”

“शेषाला रामराम सांग रे!” मागून धोंडू ओरडला, आणि सगळा पडाव खदखदून हसला. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. मी विश्रामचा दंड धरायला हवा होता. भागी काय म्हणाली होती ते सांगायला हवं होतं. पण हसू एवढं मोठं होतं आणि ते माझं होतं... मीही हसलो. विश्रामने मला हसताना पाहिलं, तोही हसला, आणि नांगराचा दोर धरून खाली गेला.

दोराला खालून हिसके बसले. एकदम दोर सैल झाला. “सुटला! सुटला! ओढा!” आणि सगळ्यांनी जोर लावून नांगर वर ओढला. किनाऱ्यावर ढोल सुरू झाला. नांगर आला. दोर आला. विश्राम आला नाही.

वर येण्याचा रस्ता म्हणजे तो दोर होता, नि तो आम्हीच ओढून घेतला होता.

मग ती बोंब सुरू झाली, जिथून मी सुरुवात केली. धोंडू नि आणखी एक जण उड्या टाकून पाणी ढवळत होते. रामा बोंबलत होता. मी एकटा गप्प होतो. नंतर लोकांनी ठरवलं की गजाशेटची, म्हणजे माझी, भीतीने वाचा बसली असेल. वाचा कुठली बसते! तोंड मिटलेलं होतं, पण आत... आत मी गोष्ट जुळवत होतो. घरी जाऊन भागीला सांगायची गोष्ट. ‘भागी, तुला काय सांगू, दर्या असा खवळला होता, लाटा माडाएवढ्या...’ – समोर पाणी वाटीतल्या सारासारखं निवांत. ‘मी रामाच्या हातापाया पडलो, नको म्हटलं...’ – पडलो नव्हतो. ‘आणि मग भागी, मी...’ मग पुढे काय ते इथे लिहीत नाही. पण गोष्ट झरझर जुळत होती. शब्द आपोआप जागेवर बसत होते. तो अजून पाण्याखाली होता, जिवंत होता, आणि मी त्याला मारून बाराव्यापर्यंत पोचलो होतो.

तेवढ्यात माझ्याच पायांशी पाणी फुटलं.

सगळे पलीकडच्या बाजूला वाकले होते. अलीकडे, जिथे मी एकटा उभा होतो, तिथे विश्रामचं डोकं वर आलं. त्याचे हात पडावाच्या काठाला चिकटले. रामाने त्याला काखेत धरून वर घेतलं. पाणी ओकला, चिखल ओकला. मग गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे आला, माझ्या गळ्यावर तळवा ठेवला, आणि दुसऱ्या हाताने...

वर-खाली. वर-खाली. लाट.

“ऐकलान!” रामा किंचाळला. “बहिऱ्यान् ऐकलान! गजाशेटचा आवाज ऐकून वर आला!”

विश्रामने खुणांनी सगळं सांगितलं. खाली चहूकडे सारखंच तांबडं होतं. हात कुठे, पाय कुठे, काही कळत नव्हतं. मग तळव्याला थरथर लागली, माझ्या गळ्याची असते तशी. ती एका बाजूने येत होती. त्याने बोट खाली दाखवलं. त्याला वाटलं ती तळाकडून येते आहे. आपण खोल चाललो, असंच त्याला शेवटपर्यंत वाटत होतं. तरी तो तिकडे गेला, कारण तिकडे मी होतो.

मी रामाला म्हटलं, “अरे, तुमच्या आरोळ्या पोचल्या असतील. पाय आपटत होतात, त्याची थाप गेली असेल.” विश्रामला कळलं असावं. त्याने रामाच्या गळ्यावर हात ठेवला, रामाने सगळा जीव एकवटून हाक मारली. विश्रामने मान हलवली – हे नाही. धोंडूचा गळा पाहिला. हे नाही. माझ्या गळ्यावर हात ठेवला. मी हाक मारली, “विश्राम!” त्याने तोंडापासून बोटं पुढे फेकली आणि जोरात मान हलवली: हाक नव्हती. माझ्या गळ्यावर थोपटलं – बोल, बोल. मी काय बोलणार? नेहमीचं बोललो. “एकदा काय झालं म्हणे...” आणि त्याने डोळे मिटले, मान डोलावली, नि त्याचा हात हवेत लाटेसारखा चालायला लागला.

किनाऱ्यावर मला खांद्यावर घेतलं. पूजेचा नारळ मला दिला. ‘गजाशेटचा आवाज बहिऱ्याला पाण्याखाली ऐकू जातो’ – ही मांडवीवरची पहिली अचाट गोष्ट, जी मी रचलेली नाही, नि मी नाही म्हणालोही नाही. तो नारळ घरी आला, त्याची वडी झाली. मी ती खाल्ली. गोड होती, हे सांगायला लाज वाटते.

विश्रामला मी पडावावरून काढून दुकानात घेतला. रामा भांडला, विश्राम रुसला. मी ऐकलं नाही. तो दोर गुंडाळतो, संध्याकाळी माझ्या शेजारी बसतो, माझ्या गळ्यावर हात ठेवून वाट बघतो. मला हल्ली गोष्ट सांगवत नाही. दोन वाक्यं झाली की माझ्याच गळ्याला घाम फुटतो. आज मी तोंड मिटून जे मनात आणतो, तेही त्याला लागतं की काय?

मधे मालाच्या खरेदीसाठी मुंबईला गेलो तेव्हा त्या डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, “पाण्यातून धक्का पोचतो, अंगाला जाणवतो. तुम्ही ओरडला असाल.”

“नव्हतो ओरडलो.”

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, “मग मला सांगता येत नाही.”

मलाही येत नाही. ज्या गोष्टीत तो मेला होता, तिचंच बोट धरून तो वर आला. ती मी मोठ्याने म्हटली नव्हती, ओठसुद्धा हलवले नव्हते. तुमच्यापैकी कोणाला उलगडा होत असेल तर कळवा. आणि तो मला बरा वाटेल असाच कळवा, असं मी म्हणत नाही.

परवा भागीला सगळं सांगितलं. पडवीत ती फणसाच्या आठळ्या सोलत होती, समोर विश्राम काथ्याचा दोर वळत होता. म्हटलं, “भागी, त्या दिवशी मी त्याला हाक मारलीच नव्हती. मी तुला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. तो बुडाला असं धरून चाललो होतो.” एवढंच सांगितलं. त्या गोष्टीत पुढे काय होतं ते नाही सांगितलं.

यातलं खरं किती, हे तिने या खेपेला विचारलं नाही. हातातली आठळी सोलून टोपलीत टाकली, दुसरी घेतली.

“त्या गोष्टीत तुम्ही उडी मारली असेल,” ती म्हणाली.